नालबंदाची पिठी

आमचे हे नालबंद. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचं काम. लग्न झाल्यावर मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, नवरा काय करतो?" मी म्हणायची, "दिवसभर घोड्यांच्या पाया पडतो." त्या खो खो हसायच्या. ह्यांना सांगितलं तर हेही हसले. खोटं काय होतं त्यात? ह्या माणसाने आयुष्य जितकं ताठ उभं राहून काढलं, त्याहून जास्त वाकून काढलं.

घर आमचं घोडेस्वारीच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. पुढे कामाची शेड, तिच्यात भट्टी, ऐरण आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लहानमोठे नाल. शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या. ज्या कुणा शहाण्याने हे घर बांधलं, त्याने स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी नेमकी शेडच्या बाजूला काढली. गरम नाल खुरावर टेकवला की केस जळल्यासारख्या वासाचा धूर निघतो, तो सगळा माझ्या पातेल्यांवर. पडद्यांना तो वास, उशांना तो वास. मी आतून ओरडायची, "अहो, जरा वारा बघून धंदा करा!" ह्यांचं उत्तर ठरलेलं. "हं."

त्या "हं"लाही कारण होतं. नाल ठोकताना खिळे ओठांत धरायचे, एक ठोकला की दुसरा ओठांतून काढायचा, अशी ह्यांची पद्धत. तोंडात खिळे असताना माणूस दुसरं बोलणार काय? पुढे पुढे सवयच अशी लागली की तोंड रिकामं असलं तरी हे "हं"च म्हणायचे. होकार असला तरी हं, नकार असला तरी हं, राग आला की जरा लांबट हं. नवीन नवीन असताना माझं डोकं फिरायचं. आता मला सगळे हं ओळखू येतात.

घोड्यांशी मात्र ह्यांची जीभ सैल सुटायची. "उभी राहा गं राणी, झालंच आता, एवढा एकच पाय." मी कणीक मळत खिडकीतून ऐकायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला उभ्या जन्मात कधी राणी म्हटलेलं नाही. एकदा तोंडावर तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, "तू कुठे उभी राहतेस एका जागी?" बघा म्हणजे.

मी स्वतः कधी घोड्याला हात लावला नाही. भीती नव्हती, किळस होती. खुराच्या तळाशी काय काय अडकून बसलेलं असतं, ते मी पाहिलंय. हे कोपरापर्यंत हात धुऊन आल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत, एवढा माझा धाक होता. कधी घोडे सांभाळणारा मोतद्दार आला नसला आणि हे म्हणाले, "जरा धरतेस का गं दोर?" तर मी सरळ सांगायची, "तुमचे घोडे तुम्ही धरा."

मग आमच्याकडे पिठी आली.

शाळेतली एक घोडी शिंगराला जन्म देऊन त्याच सकाळी गेली. शाळा मालकीणबाईंची. बोलायला कडक, पण मनाने सरळ बाई. त्या शिंगराकडे बघून ह्यांना म्हणाल्या, "नालबंद, हिच्यामागे बसायला माझ्याकडे माणूस नाही. जगली तर तुमची." ह्यांनी ते ओलं शिंगरू आपल्या कोटात गुंडाळलं आणि उचलून घरी आणलं. तपकिरी रंग, काटकुळे लांब पाय, आणि तोंड असं की नुकतंच पिठाच्या डब्यात घालून आली असावी. मी म्हटलं, "ही कोण पिठी आणलीत?" झालं, तेच नाव पडलं.

माझं दुधाचं मोठं पातेलं त्या दिवशी गेलं ते गेलंच. हे बाटलीने दूध पाजायचे, तिच्याशेजारी पेंढ्यावर बसून राहायचे. आमची लेक लहान असताना रडली तर कूस बदलणारा हा माणूस, पिठी नुसती शिंकली तरी ताडकन उठायचा. मी किती बडबड केली असेल त्याला गणती नाही. पण ती जगली, आणि ह्यांच्या हाताने जगली, हे मीच सगळ्यांना सांगत फिरले.

आता ह्यांनी तिला शिकवलं काय, ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. नालबंदाला जगात एकच गुण मोलाचा वाटतो. घोडा उभा राहिला पाहिजे. हलणारा घोडा म्हणजे नालबंदाचा शत्रू. एका लाथेत बरगडी जाते, चुकलेल्या खिळ्याने घोडा लंगडा होतो. म्हणून पिठी हातभर होती तेव्हापासून हे तिच्या मानेवर हात ठेवायचे, तिच्या अंगाला खांदा टेकवायचे, की तिने स्थिर व्हायचं आणि आपण होऊन पाय वर द्यायचा. दिला की गाजराचा तुकडा. जरा चुळबुळ केली की गाजर नाही. शेजारी ऐरणीवर घण पडत असायचा, ठिणग्या उडत असायच्या, धुराने माझे डोळे चुरचुरायचे, आणि ही बया तीन पायांवर शांत उभी. कुणी आलं की हे छाती फुगवून सांगायचे, "अशी उभी राहणारी घोडी पंचक्रोशीत दाखवा." माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा, नाही कोण म्हणतं?

पिठी चार वर्षांची होत आली आणि ह्यांची पाठ गेली. एका दांडग्या घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेतलेला, त्याने सगळा भार ह्यांच्यावर टाकला. हे ओरडलेसुद्धा नाहीत. खिडकीतून मला फक्त खिळे जमिनीवर पडल्याचा आवाज आला. ओठांतले सगळे खिळे. तो आवाज ऐकून मी भाकरी तव्यावर टाकून धावले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होता, पण हात सोन्याचा, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्याने स्पष्ट सांगितलं, "काका, वाकायचं काम आता बंद. कायमचं. पण रोज चालायचं. चालाल तर उभे राहाल, बसलात तर बसूनच जाल."

हे बसले. खिडकीशी खुर्ची घेतली आणि बसले. भट्टी विझली, ऐरणीवर धूळ बसली. ज्या खिडकीतून इतकी वर्षं धूर आला म्हणून मी बोंब मारली, तिच्यातून आता स्वच्छ हवा यायची आणि मला ती नकोशी व्हायची. मी चहा हातात आणून द्यायची, पाणी हातात, औषध हातात. जरा उठायला लागले की मीच म्हणायची, "बसा हो, मी देते ना." दिवसभरात ह्यांचा एकच प्रश्न असायचा. "पिठीला दाणा घातला का?" लेक घालायची. लेक शेजारच्या शाळेतच लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. "घातला बाबा," ती म्हणायची. मग "हं." मग परत खिडकी.

एक दिवस मालकीणबाई आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, म्हणजे मी समजले की काहीतरी अवघड बोलायचंय. शेवटी म्हणाल्या, "नालबंद, तुमचं काम बंद झालंय. रिकामी घोडी पोसणं तुम्हाला झेपणार नाही. सुट्टी संपली की माझ्याकडे नवीन मुलांची तुकडी येतेय, मला एक शांत घोडी हवीच आहे. पिठी तोवर स्वाराला घेऊन चालायला लागली तर मी तिला ठेवून घेते. भिंतीपलीकडेच राहील, रोज भेटा. पण नुसती उभी राहणारी घोडी मी तरी कुठे ठेवू? मग घोड्यांच्या दलालाला बोलवावं लागेल."

बाई वाईट बोलल्या नाहीत. आम्हालाही ते कळत होतं. हे "हं" म्हणाले, पण तो हं मी आधी कधी ऐकला नव्हता. ही घोडी गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

लेकीने दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू केली. सुरुवात तर अशी झोकात झाली की सगळे थक्क. पाठीवर खोगीर ठेवलं, पिठी हूं नाही की चूं नाही. पट्टा आवळला, नाही. लेक वर बसली, तरी भिंतीसारखी उभी. मोतद्दार म्हणाला, "अशी गुणी घोडी जन्मात बघितली नाही."

मग लेक म्हणाली, "चल."

पिठी उभी.

लेकीने पायाने हलकेच दाबलं. उभी. जोरात दाबलं. उभी. जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, लगाम सैल सोडला, पुढे गाजर धरलं. पिठीने मान लांब केली, गाजर खाल्लं, आणि पाय होते तिथेच. मोतद्दाराने मागून चाबूक हवेत वाजवला. अहो, जी घणाच्या तालावर लहानाची मोठी झाली, तिला चाबकाच्या आवाजाचं काय कौतुक? तिने कान हलवला, बस्स. एकही फटका मारू द्यायला लेक तयार नव्हती, आणि त्याबद्दल मला तिचा अभिमान आहे.

दोर धरून नेलं की यायची, पण पाठीवर माणूस बसला की खुंटा ठोकल्यासारखी. असं रोज चाललं. मोतद्दाराने आपलं मत फिरवलं आणि तिला अडेलतट्टू म्हणायला लागला. लेक घरी यायची ती तोंड पाडून. हे विचारायचे, "चालली?" ती म्हणायची, "उद्या चालेल बाबा." सुट्टी अर्धी संपली. दलाल येऊन दात बघून गेला, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "उभी तर झकास राहते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुम्हीपण झकास उभे आहात, निघा आता."

त्याच दुपारी लेक डबा विसरून गेली म्हणून मी तो घेऊन रिंगणावर गेले. डोकं आधीच तापलेलं. रिंगणाच्या कठड्याशी बसायला एक बुटकी पायरी आहे, तिच्यावर टेकले. तिथून मला घोडीचं तोंड दिसेना, लेकही अर्धीच दिसत होती. कठड्याखालून समोर दिसत होते ते फक्त पिठीचे पाय.

लेकीने टाचेने दाबलं. पिठीने अंगाचा भार पलीकडे टाकला आणि अलीकडचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून वर उचलला. बोटभर, वीतभर. आणि तसाच धरून ठेवला. लेकीने पाय सैल केला, पिठीने वाट पाहिली, मग हळूच पाय खाली ठेवला. लेकीने परत दाबलं. परत पाय वर.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार वर्षं मी हेच बघत आले होते.

मी डब्यासकट उठून ओरडले, "अगं थांब! ती अडून बसलेली नाही! ती पाय देतेय!"

लेक वरून म्हणाली, "काय?"

"पाय देतेय गं! तुझे बाबा अंगाला खांदा टेकवायचे ना, तिथेच तू टाच टेकवतेस. तिला वाटतंय नाल ठोकायचाय! ती बिचारी केव्हापासून पाय वर धरून उभी आहे आणि तुम्ही सगळे तिच्या नावाने खडे फोडताय!"

लेकीने वाकून खाली बघितलं, परत एकदा दाबलं, आणि तो पाय वर येताना पाहून तिला हसू आवरेना. हसता हसता पिठीच्या मानेवर आडवी पडली. मानेला मिठी बसताच पिठी आणखीनच स्थिर झाली. सांगितलेलं सगळं ऐकणारी गुणी पोर ती, आणि आम्ही तिला दलालाच्या हवाली करायला निघालो होतो. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, धुराची सवय, दुसरं काय.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे ऐकत राहिले, मग पाठ धरून हसायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. आणि हसता हसताच थांबले. म्हणाले, "म्हणजे मीच वाट लावली तिची."

"वाट लावली म्हणे! लाथ मारायला शिकवली असतीत तर वाट लावली म्हटलं असतं. उभं राहायला शिकवलंत, आता चालायला शिकवा."

"मी? मी काय शिकवणार? मला वाकता येत नाही."

"चालायला वाकावं लागतं का?"

लेकीने तोवर विचार करून ठेवला होता. ती म्हणाली, "बाबा, ती बाटलीच्या दिवसांपासून तुमच्या मागे मागे फिरायची. तुम्ही पुढे चाला. मी वर नुसती पोतं होऊन बसते. ती तुमच्या मागे निघाली की त्याच वेळी मी टाच लावेन. म्हणजे टाच लागली की चालायचं, हे तिला हळूहळू समजेल. पण दोन गोष्टी. तिला हात लावायचा नाही. आणि ती थांबली तर तिच्याकडे बघायचं नाही."

"हात लावायचा नाही?" ह्यांनी असं विचारलं की मलाच कसंसं झालं.

"तुमचा हात म्हणजे तिला उभं राहायचा हुकूम आहे, बाबा."

हे खिडकीकडे वळले. "पाठ दुखते. फाटकापर्यंतसुद्धा जमायचं नाही. उद्या बघू."

माझा पारा चढला. "उद्या उद्या म्हणता दलाल येईल! बसा तुम्ही, मस्त बसा, मी चहा आणते, उशी आणते, अजून काय आणू?" मी सवयीने चहाचा कप भरून हातात धरलेलाच होता. लेक त्या कपाकडे बघत म्हणाली, "आई, बाबांनी पिठीला गाजर दिलं आणि तू बाबांना चहा. दोघंही आता जागचे हलत नाहीत."

पोरगी माझ्यावरच गेलीय. मी तो कप पार दाराबाहेर नेऊन कट्ट्यावर ठेवला आणि म्हटलं, "चहा तिथे आहे. हवा असेल तर घ्या."

हे माझ्याकडे बघत राहिले. लांबट हं केला. मग खुर्चीचे हात धरून उठले, भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले आणि कट्ट्याशी उभं राहून चहा प्यायले. निवला होता, तरी कप रिकामा केला. मी आत जाऊन तोंड पुसून आले.

त्यानंतर रोज सकाळी आमची वरात निघायची. पुढे हे, काठी एका हातात आणि दुसरा हात पाठीमागे, कारण तो हात मोकळा राहिला की आपोआप पिठीकडे जायचा. मागे पिठी, तिच्यावर लेक. सगळ्यांच्या मागे मी, ह्यांची खुर्ची उचलून, वाटेत पाठ भरून आली तर बसवायला. मोतद्दार हसायचा. हसेना का. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आणि ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पिठी मागे आली खरी, पण हे थांबले तशी तीही थांबली, नाक ह्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि पाय वर केला. हे समोर बघत उभे राहिले. काठीवरची मूठ एवढी आवळलेली की बोटं पांढरी झाली. तो पाय हवेत तसाच राहिला, मग खाली गेला.

"शाबास बाबा," लेक म्हणाली. शिकवणी नक्की कुणाची चालली होती देव जाणे.

हळूहळू फाटक मागे पडलं, मग भिंतीचा कोपरा, मग आम्ही रिंगणात जायला लागलो. हे चालता चालता पिठीशी बोलायचे, मागे न बघता. हात लावता येत नव्हता ना, मग सगळं बोलण्यातच आलं. घोड्याच्या पाठीवर बसून लेकीला आपल्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या. मलाही त्यातल्या अर्ध्या ठाऊक नव्हत्या. मी खुर्ची घेऊन मागून चालताना कान देऊन ऐकायची. कधीतरी लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत खुर्ची खाली ठेवायची वेळच आलेली नाही. मी ती गुपचूप न्यायची बंद केली.

पण खरी अडचण पुढेच होती. पिठी ह्यांच्या मागे चालायची. मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलापुढे एक नालबंद कुठून आणणार? तिने ह्यांना मागे टाकून पुढे जायला हवं होतं, आणि तिथे गाडं अडायचं. हे थांबले की ती थांबलीच. सुट्टी संपली आणि मालकीणबाईंनी निरोप पाठवला की उद्या येऊन बघते, दलालही उद्याच येतोय.

दुसऱ्या दिवशी त्या रिंगणाच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. दलाल थोडा लांब. मी माझ्या बुटक्या पायरीवर चढून उभी. हे पुढे चालले, पिठी मागे, एक फेरी छान झाली. मालकीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही थांबा, नालबंद. तिला जाऊ द्या."

हे थांबले. काठी काखेत धरली, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. पिठी ह्यांच्यापाशी आली आणि थांबली. ते पिठाळ नाक तिने ह्यांच्या गालाला लावलं. शिकवणीच्या आधी चार वर्षांत तिने असं केलं आणि ह्यांनी मानेवर हात ठेवला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ह्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघत उभे राहिले, ओठ असे मिटलेले की जणू सगळे खिळे तोंडात आहेत. मी मनात म्हणत होते, नका हो, नका हात काढू.

लेकीने टाच लावली.

पिठीचा पुढचा पाय वर आला. गुडघ्यात दुमडला, वीतभर, आणि थांबला. माझी नजर फक्त त्या पायावर होती. कुणी घ्यायला आलं नाही. लेकीने टाच तशीच ठेवली. तो पाय हवेत जरासा थरथरला, आणि मग तोच पाय पिठीने पुढे टाकला.

मग दुसरा. मग ती ह्यांच्या खांद्याला घासून पुढे निघाली आणि मागे न बघता सगळं रिंगण फिरली. लेकीने तिला अर्ध्या वाटेवर दुडक्या चालीने पळवलंसुद्धा. हे मधोमध उभे. हात अजून पाठीमागेच, सोडायचे विसरले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मालकीणबाईंनी दलालाला चहा पाजून परत पाठवला. ह्यांना म्हणाल्या, "पिठी राहिली. आणि तुम्ही रोज सकाळी मुलांना घोड्यापाशी उभं कसं राहायचं ते शिकवायला या. ते तुमच्याइतकं कुणाला जमत नाही." बाई तोंडाने कडक आहेत, पण त्यांचं भलं होवो. त्या दिवसापासून हे सकाळी दाढी करून घराबाहेर पडतात.

लेक खाली उतरली, खोगीर काढलं आणि म्हणाली, "बाबा, आता शिकवणी संपली. आता लावा हात."

ह्यांनी हात सोडले. पिठीच्या मानेवर ठेवले, कपाळ तिच्या अंगाला टेकवलं. पिठीने एक लांब श्वास सोडला, स्थिर झाली, आणि आपण होऊन पाय वर दिला. हे खाली बघत राहिले. तो पाय घ्यायला वाकायला हवं होतं, आणि वाकणं कायमचं बंद होतं. ह्यांचा हात नुसताच अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला.

मी रिंगणात शिरले. पदर खोचला, वाकले आणि तो खूर दोन्ही हातांत घेतला. जड होता, उबदार होता, तळाला माती आणि शेण दोन्ही चिकटलेलं होतं.

"तशी नाही गं," हे म्हणाले, "गुडघे जवळ घे, पाठ सरळ ठेव. तुझी पाठ जायला नको." मी गुडघे जवळ घेतले. ह्यांनी दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"हं," मी म्हटलं.

"उभी राहा गं राणी," हे म्हणाले. पिठी तर केव्हाचीच उभी होती.